सुरुवातीपासून सुरुवात करू नये

टॉल्किन वाचायचा असं ठरवून मी पहिल्यांदा हातात घेतलं ते 'द सिल्मरिलियन'. कारण सरळ होतं. त्या जगाची उत्पत्ती त्यात आहे, मग सुरुवात तिथूनच करायला हवी. आयनूरांच्या गायनातून घडणारं विश्व, मग नावांमागून नावं. मागच्या वंशावळी आणि नामसूची चाळत पन्नासेक पानं रेटली आणि पुस्तक मिटलं. पुढची सहा वर्षं 'मला फॅण्टसी झेपत नाही' असं लोकांना सांगत होते.

प्रकाशनाचा क्रम बघितला तर 'द हॉबिट' १९३७चं, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड १९५४-५५चे आणि 'सिल्मरिलियन' १९७७चं; टॉल्किन गेल्यावर चार वर्षांनी मुलगा क्रिस्टोफरनं संपादित केलेलं. पण त्यातल्या कथा टॉल्किननं पहिल्या महायुद्धाच्या काळातच लिहायला घेतल्या होत्या. म्हणजे कथेतल्या काळानुसार ते पहिलं, लेखनाच्या काळानुसारही पहिलंच. तरी ते शेवटी वाचावं, असं मी म्हणेन.

माझा निकष साधा आहे: ज्या पुस्तकातलं मुख्य पात्र आपल्याइतकंच अडाणी आहे, तिथून सुरुवात करावी. बिल्बोला आपल्या गावापलीकडचं जग ठाऊक नाही. त्याच्याबरोबर आपणही शिकत जातो. 'सिल्मरिलियन'मध्ये असा सोबती नाही. तिथला निवेदक सर्वज्ञ आहे आणि तो आपल्यासाठी थांबत नाही. 'हॉबिट'चा बालकथेचा सूर मोठेपणी रुचला नाही, तर थेट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घ्यावं. फक्त हॉबिटांच्या चालीरीतींची प्रस्तावना तूर्त सोडून द्यावी.

यात अज्ञानाचाच फायदा आहे. काळे स्वार मागावर असताना वेदरटॉप टेकडीवर ॲरागॉर्न बेरेन आणि लूथिएनची गोष्ट थोडक्यात सांगतो. ते दोघं कोण, हे आपल्याला नीट कळत नाही, म्हणूनच त्या रात्रीमागे हजारो वर्षं उभी असल्यासारखी वाटतात. टॉल्किनलाही हे ठाऊक होतं. कथेमागच्या मोठ्या इतिहासाचं ओझरतं दर्शन हेच तिच्या आकर्षणाचं एक कारण आहे आणि तिथे प्रत्यक्ष जाऊन पोचलं तर जादू उडू शकते, अशा अर्थाचं त्यानं १९६३मधल्या एका पत्रात लिहिलं आहे.

नार्नियाच्या बाबतीत हाच घोळ छापील झाला आहे. १९५०चं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' आधी आलं, पण नार्नियाच्या जन्माची कथा सांगणाऱ्या १९५५च्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर आताच्या संचांत एक क्रमांक असतो. लुईसनंही एका बालवाचकाला कालक्रमाच्या बाजूनं कौल दिला होता. मला तो पटत नाही. कपाटातून बर्फात पाऊल टाकल्यावर रानात एकटाच जळणारा दिव्याचा खांब दिसतो. तो तिथे कसा आला हे आधीच माहीत असेल, तर ल्यूसीला वाटतं ते नवल आपल्याला कुठून वाटणार?

सहा वर्षांनी, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' संपवून, मी तेच 'सिल्मरिलियन' पुन्हा उघडलं. या वेळी नावं ओळखीची होती. बेरेन-लूथिएनचं प्रकरण आलं तेव्हा जुन्या परिचितांचं पूर्वायुष्य कळावं तसं झालं. ऑक्सफर्डजवळ टॉल्किन पतिपत्नींच्या थडग्यावर हीच दोन नावं कोरलेली आहेत. पहिल्या खेपेला मी त्या प्रकरणापर्यंत पोचलेच नव्हते.