माइक कोणाकडे पाठ फिरवतो?

घरी अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: खोली साधी आहे ना, मग कार्डिऑइड माइक घ्या, ऑम्नीच्या वाटेला जाऊ नका. आणि पुरावा म्हणून ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम पुढे केला जातो. आज आपण हा सल्ला आणि हा पुरावा, दोन्ही तपासून पाहू.

आधी पुरावा. १९८२ च्या जानेवारीत स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या घरी, झोपायच्या खोलीत, ही गाणी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर घेतली. माइक दोन, दोन्ही शूअरचे एसएम ५७, म्हणजे कार्डिऑइड. पुढे बँडबरोबर स्टुडिओत प्रयत्न झाले, पण बाजारात आली ती घरचीच टेप. इथवर सगळं खरं. मात्र बरेच जण म्हणतात, ‘बघा, त्यात खोली ऐकू येते.’ आम्हाला हे पटत नाही. तिथे जो दूरचा, पोकळ घुमारा आहे, तो मुख्यतः मिक्स करताना वापरलेल्या एकोप्लेक्स या टेप-एको यंत्राचा आहे. तो कलात्मक निर्णय आहे आणि उत्तमच आहे. पण त्याचं श्रेय कार्डिऑइडला किंवा खोलीला देऊन आपण रेकॉर्ड चुकीची ऐकतो.

आता सल्ला. कार्डिऑइड मागचा आवाज जवळजवळ घेत नाही, हे बरोबर. पण बाजूचा? नव्वद अंशांवर तो फक्त सहा डेसिबलने कमी होतो. गाताना गिटार वाजवत असाल तर गिटारच्या माइकमध्ये तुमचा गळा शिरणारच. ‘नेब्रास्का’मध्ये गाणं आणि गिटार एकत्र वाजल्यामुळे ही गळती खपून जाते, उलट एका श्वासात गायल्यासारखं वाटतं. पण तुम्हाला नंतर गिटारचा आवाज वेगळा कमी-जास्त करायचा असेल, तर ती अडचण होते.

अशा वेळी फिगर-एट आठवावा. तो समोरून आणि मागून सारखंच ऐकतो, दोन्ही बाजूंना मात्र बहिरा. ती बहिरी बाजू तोंडाकडे करा, गळा बराच बाहेर राहतो. आणि गंमत बघा, चहूबाजूंनी येणारा खोलीचा घुमारा फिगर-एट आणि कार्डिऑइड दोघेही सारखाच घेतात, ऑम्नीच्या सुमारे एक तृतीयांश. धोका एकच: माइकच्या पाठीमागे हातभर अंतरावर उघडी भिंत असेल, तर ती थेट रेकॉर्ड होते. तिथे जाड गोधडी टांगावी.

मग ऑम्नी खरंच वाईट का? कार्डिऑइड गिटारपासून पंचवीस सेंटिमीटरवर असेल, तर ऑम्नी पंधरावर आणला की खोलीचं प्रमाण जवळपास तेवढंच येतं. शिवाय जवळ गेल्यावर कार्डिऑइडचा खर्ज फुगतो, ऑम्नीचा फुगत नाही. गिटारच्या पोटातली हवा शंभर हर्ट्झच्या आसपास घुमतेच. त्यावर हा फुगवटा चढला की आवाज डब्यात कोंडल्यासारखा होतो. पुष्कळ जण त्याचा दोष खोलीला देतात आणि भिंतींवर फोम चिकटवत बसतात. पण पातळ फोमने एवढा खालचा खर्ज आवरत नाही, हेही लक्षात घ्या.

म्हणजे ‘कार्डिऑइडच घ्या’ हा सल्ला अर्धा आहे. तो अंतराबद्दल बोलत नाही, आणि माइकची बहिरी बाजू कुठे वळवायची हेही सांगत नाही. आमच्या मते प्रश्न उलटा विचारावा: या खोलीत मला काय नको आहे? पंखा, रस्ता, की माझाच गळा? ते ठरलं की पॅटर्न बहुतेक आपोआप ठरतो.

घरी गेल्यावर एवढं करा. एकच ओळ तीनदा वाजवा, माइक बाराव्या फ्रेटसमोर ठेवून: कार्डिऑइड पंचवीसवर, ऑम्नी पंधरावर, फिगर-एट पंचवीसवर. तिन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा आणि कोणता कुठला हे न बघता ऐका. माइक एकाच पॅटर्नचा असेल, तर फक्त अंतर बदलून ऐका. कान पुष्कळ शिकतो.

पुढच्या वेळी दोन माइक एकत्र लावल्यावर काय बिघडतं, ते पाहू.