‘न्यूटन’ : मतदानाचा हक्क आणि मतदाराचे स्वातंत्र्य

अमित मसुरकर दिग्दर्शित ‘न्यूटन’ (२०१७) या हिंदी चित्रपटाची चर्चा बहुतांशी एका प्रामाणिक कर्मचाऱ्याची कथा म्हणून झाली. प्रस्तुत लेखात हा चित्रपट मतदाराच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

छत्तीसगडमधील नक्षलग्रस्त अरण्यात अवघ्या ७६ मतदारांसाठी मतदान केंद्र उभारले जाते. केंद्राध्यक्ष न्यूटन कुमार नियमांना चिकटून आहे. सुरक्षा दलाचा अधिकारी आत्मा सिंग याला दिवस कसाबसा पार पाडावयाचा आहे. मतदार फिरकत नाहीत. मात्र परदेशी पत्रकार येणार म्हटल्यावर जवान गावकऱ्यांना केंद्रावर आणतात. उमेदवार कोण, हे त्यांना ठाऊक नाही. तेव्हा यंत्र हे खेळणे समजून आवडेल त्या चित्रासमोरील कळ दाबा, असे आत्मा सिंग त्यांना सांगतो. मतदान होते, लोकशाही जिवंत असल्याचा देखावा पूर्ण होतो.

या प्रसंगाचे मर्म सर्वोच्च न्यायालयाच्या एका भेदातून उलगडते. उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता व शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराचा अधिकार न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केला. २००३ च्या निकालात मतदानाचा हक्क आणि मत देण्याचे स्वातंत्र्य यांत फरक करण्यात आला; यांपैकी दुसरे हे अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे अंग ठरले. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा २०१३ चा पर्यायही याच विचारावर उभा आहे. चित्रपटातील आदिवासींना हक्क मिळतो, स्वातंत्र्य मिळत नाही. कळ दाबली जाते, पण निवड घडत नाही.

शेवटी न्यूटन स्वतःच बंदूक उचलतो आणि वाटेत भेटलेल्या गावकऱ्यांचे मतदान पार पाडतो. या दृश्याकडे केवळ शौर्य म्हणून पाहणे अपुरे आहे. जवानांनी बळाने मतदार आणले, न्यूटन बळाने मतदान घडवितो. हेतू भिन्न असले तरी दोन्ही ठिकाणी मतदार दुसऱ्याच्या इच्छेच्या कक्षेत राहतो.

चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. स्थानिक शिक्षिका मलको वगळता गोंड मतदारांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व लाभत नाही. ज्यांच्या मौनावर दिग्दर्शक बोट ठेवतो, त्यांना तो स्वतःही फारसे बोलू देत नाही. कथेची सदसद्विवेकबुद्धी अखेरपर्यंत बाहेरून आलेल्या माणसाचीच राहते.

तरीही या कलाकृतीने उपस्थित केलेला प्रश्न महाराष्ट्रालाही लागू आहे. गडचिरोलीच्या संवेदनशील भागात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतही मतदान दुपारी ३ वाजताच संपविण्यात आले. निवडणुकीचे काम करणाऱ्या अध्यापकवर्गाला टक्केवारीचा तक्ता परिचित आहे. त्या तक्त्यात मत नोंदले जाते. ते समजून-उमजून, निर्भयपणे दिले गेले की नाही, हे नोंदले जात नाही. निवडणुकीच्या निष्पक्षतेची कसोटी या न नोंदल्या जाणाऱ्या भागातच आहे, हे ‘न्यूटन’ प्रभावीपणे दाखवून देतो.