रेषा शिकायची तर छापील पान हवे

मराठीत कथाचित्रांची परंपरा मोठी आहे, हे आता नव्याने सांगायला नको. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे घरोघरी पोचली. वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता, पण पु. ल. देशपांडे यांचा विनोद त्यांच्या रेषेत नेमका उतरला. प्रश्न वेगळाच आहे. आज विशीतल्या मुलाला हाताने कथाचित्र काढायला शिकायचे असेल, तर त्याने ते शिकावे कुठे?

सुरुवात शाळेत होते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असते. कथाचित्राला सर्वांत जवळचे ते स्मरणचित्र. बसथांबा, बाजार, पाणवठा असे प्रसंग आठवणीतून उभे करायचे. कल्पना उत्तम, पण व्यवहारात अनेक वर्गांत ठरावीक मनुष्याकृती घोटून घेतल्या जातात आणि प्रत्येक विषयात त्याच बसवल्या जातात. दहावीच्या गुणांत भर पडते. निरीक्षण मात्र कोरेच राहते.

पुढे कलामहाविद्यालयात हात तयार होतो, संगणक येतो, डिजिटल पेनही येते. या साधनांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र जुन्या साधनांच्या मर्यादेतून जे शिक्षण आपोआप मिळे, त्याची भरपाई झालेली नाही. लेटरप्रेस छपाईच्या काळात रेषाब्लॉकला, म्हणजे रेषाचित्र छापण्याच्या ठशाला, फक्त काळे आणि पांढरे कळे. करडी छटा हवी असेल, तर निबने बारीक रेघा किंवा ठिपके देऊन ती भासवावी लागे. त्यामुळे काय गाळायचे हे आधी ठरवावे लागे. दलालांच्या कृष्णधवल चित्रांतले मोकळे पांढरे भाग पाहिले, की हा निर्णय दिसतो. पडद्यावर चुकलेली रेघ क्षणात पुसता येते, म्हणून ती ओढण्याआधी विचार करण्याची निकड उरत नाही.

दुसरी उणीव वाचनाची. कथाचित्रकार आधी वाचक असावा लागतो. कथेतला सर्वांत नाट्यमय प्रसंगच निवडायचा की त्याच्या आधीचा अवघडलेला क्षण? लेखकाने लिहिलेलेच पुन्हा काढले, तर चित्र नुसती सजावट होते. सरवट्यांची चित्रे मजकुरात स्वतःची भर घालतात, ती या वाचनामुळे. अभ्यासक्रमांत रचना आणि रंग यांना जेवढे महत्त्व मिळते, तेवढे एखादी कथा वर्गात वाचून तिच्यावर चर्चा करण्याला क्वचितच मिळते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि तिचा दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही. ही कला छापील पानावरच पक्की होते: संपादकाची तारीख, ठरलेली जागा, नापसंत झालेले कच्चे चित्र आणि शेवटी छापून आल्यावर दिसणारे दोष. दिवाळी अंक नवोदितांना ही संधी देत. आता कथेच्या जागी जाहिरात आणि चित्राच्या जागी विकतचे तयार छायाचित्र सहज बसते. बालभारतीच्या ‘किशोर’सारखी मासिके मुलांसाठी चित्रे काढून घेतात, पण एवढ्या आधारावर एक पिढी उभी राहत नाही.

तरुणांनी रोज माणसे रेखाटावीत, निबने शाईत काम करावे, कथा दोनदा वाचावी. संपादकांना मात्र मागणे थेट आहे: येत्या दिवाळी अंकात किमान एक कथा नव्या चित्रकाराकडे सोपवा, आणि त्याला मानधनही द्या.