मातेचे शिक्षण आणि दवाखान्याची भाषा

मातेचे शालेय शिक्षण वाढले की बालमृत्यू घटतात, हे जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ मध्ये नायजेरियातील पाहणीवरून ठामपणे मांडले. ते का घटतात, या प्रश्नाला भाषेच्या अंगाने भिडणारा ग्रंथ म्हणजे रॉबर्ट लेव्हाइन व सहकारी यांचा ‘लिटरसी अँड मदरिंग’ (२०१२) होय. मेक्सिको, नेपाळ, व्हेनेझुएला व झांबिया येथील मातांचा अभ्यास करून लेखक सांगतात की, शाळेतून मिळते ती मुख्यतः एक भाषा : प्रसंगापासून सुटी, परक्यालाही उमगेल अशी. ओळखीच्या वस्तूची व्याख्या जिला नेटकी करता येते, तिलाच नभोवाणीवरील आरोग्यविषयक निवेदन अधिक चांगले कळते. हे प्रतिपादन मोलाचे आहे. शिक्षणाचा परिणाम म्हणजे केवळ घरच्या सुस्थितीचा परिणाम, असे म्हणून विषय मिटवणाऱ्यांना त्यात उत्तर मिळते.

परंतु दवाखान्याची भाषा येथे स्थिर मानली आहे. तिच्यापर्यंत मातेनेच यावयाचे. खर्डा ज्या तालुक्यात मोडते, त्या जामखेडचा अनुभव निराळा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे आरंभिलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावातल्याच स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या; त्यांपैकी पुष्कळ निरक्षर, कित्येक दलित. चित्रे, गाणी, गोष्टी यांतून त्या शिकल्या आणि शेजारणीला तिच्याच बोलीत सांगू लागल्या. फलकावर ‘अतिसार’ असतो, घरात ‘हगवण’ असते. लेकराचे पाणी तोडू नये, मीठ-साखरेचे पाणी पाजावे, ही गोष्ट दुसऱ्या शब्दानेच घरात शिरते. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९७६ मध्ये ही संख्या ५२ वर आली. लसी, पोषण व पिण्याचे पाणी यांचा वाटा त्यात मोठाच; तथापि पाच वर्षांत मातांची नवी शिकलेली पिढी उभी राहत नाही.

यामुळे लेव्हाइन यांचा सिद्धांत खोटा ठरत नाही, त्याची कक्षा मात्र आखली जाते. शाळेच्या वर्षांचे वजन सेवेच्या भाषेनुसार कमीजास्त होणार. जेथे सेवाच मातेच्या बोलीत येते, तेथे शिकलेली व न शिकलेली यांच्या मुलांतील अंतर किती उरते, ही तुलना ग्रंथात हवी होती.

मातांवरच लक्ष असल्यामुळे पिता बाहेर राहिला आहे. आजारी मूल तालुक्याला न्यावे की नाही, हे आपल्याकडे पुष्कळदा तो किंवा सासू ठरवते. शिवाय हा पुरावा लहानग्यांचा आहे. त्यावरून साठीतील आरोग्याचे अनुमान काढणाऱ्याने मधली मजुरी आणि ऊसतोडीची स्थलांतरेही हिशेबात धरावयास हवीत.