रिकामा रकाना आणि शून्य

आपल्याच कामाचे परीक्षण करणे अवघड असते; पण येथे दोष आमचाच असल्याने ते करणे भाग आहे. शाळांनी तपासलेल्या विहिरींच्या पाण्याची निरीक्षणे वेबवर शोधता यावीत, अशी एक छोटी सोय आम्ही तयार केली होती. गाव, तालुका, तारीख आणि नायट्रेटची कमाल मर्यादा असे चार रकाने भरायचे आणि ‘शोधा’चे बटन दाबायचे. महाड तालुक्यातील बिरवाडीला शिक्षकांसमोर ती उघडली, तेव्हा पाच मिनिटांतच एका बाईंनी विचारले, “सर, या विहिरीचा सामू शून्य दाखवतोय. आत आम्ल भरलंय की काय?”

सामू मोजलाच गेला नव्हता. नोंद करणाऱ्याने तो रकाना मोकळा सोडला होता. आमची आज्ञावली जावास्क्रिप्टमध्ये होती, आणि या भाषेत रिकाम्या मजकुराची संख्या करायला सांगितले तर ती निमूटपणे ० देते. सगळे हसले. पण त्याच ओळीत नायट्रेटही ० होते, तिकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, आमचेही नाही. विहिरीच्या पाण्याचा सामू ० असणे अशक्य, म्हणून ती चूक लगेच डोळ्यांत भरते. नायट्रेट ० म्हणजे मात्र उत्तम पाणी! पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट भारतीय मानकाला मान्य आहे. कधीच न तपासलेली विहीर आमच्या यादीत सर्वांत शुद्ध ठरून वर बसली होती. रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीशेजारच्या गावात असे उत्तर दाखवणे ही किरकोळ चूक म्हणता येणार नाही.

मग आम्ही शोधाचे रकानेही मुद्दाम वेडेवाकडे भरून पाहिले. गावाचे नाव न लिहिता बटन दाबले, तर सगळ्याच विहिरी आल्या. ‘नावात अमुक अक्षरे आहेत का’ असे आमची आज्ञावली विचारत होती, आणि रिकामी अक्षरमाला प्रत्येक नावात असतेच. रिकामा संच प्रत्येक संचाचा उपसंच असतो, हे शिकवताना वर्गात हे उदाहरण अवश्य द्यावे.

मर्यादेच्या रकान्यात एका शिक्षकांनी देवनागरीत ४५ लिहिले. पायथन ही संगणकभाषा देवनागरी अंक ओळखते. जावास्क्रिप्ट त्यांना ‘संख्या नव्हे’ ठरवते, आणि अशा ‘संख्या नव्हे’शी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना असत्य निघते. पडद्यावर उत्तर आले, ‘नोंद सापडली नाही’. नोंदी होत्या, प्रश्नच आम्हाला वाचता आला नव्हता. मराठी शाळांसाठी केलेल्या कामात मराठी अंक चालू नयेत, याची आम्हाला खरोखर लाज वाटली.

तुम्ही काही विचारलेच नाही, विचारलेले समजले नाही, आणि शोधले पण सापडले नाही, ही तीन वेगळी उत्तरे आहेत. आम्ही ती एकमेकांत मिसळली होती. नोंदींच्या बाजूने पाहिले तर हा विचार जुनाच आहे. १९७० मध्ये तक्त्यांवर आधारित माहितीसंचाची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७९ च्या लेखात अज्ञात किमतीसाठी वेगळी खूण आणि सत्य, असत्य, अज्ञात असे तीन पर्याय मानणारे तर्कशास्त्र सुचवले. सोय आधीपासून होती. आम्ही ती वापरली नाही, एवढेच.

आता गाव रिकामे असेल, किंवा त्यात केवळ मोकळी जागा असेल, तर शोध थांबतो आणि कोणता रकाना भरायचा ते सांगितले जाते. आधी भरलेले रकाने पुसले जात नाहीत. ही तपासणी वापरणाऱ्याच्या संगणकावर आणि आमच्याकडेही होते, कारण पहिली चुकवता येते. देवनागरी अंक चालतात. तालुक्याचा रकाना मात्र रिकामा ठेवू दिला आहे. रोहा तालुक्यातही बिरवाडी आहे, तेव्हा दोन्ही गावे तालुक्यासह दाखवून निवड विचारणाऱ्यावर सोडली आहे. आम्ही अंदाज करत नाही.

ती विहीर आता यादीच्या तळाशी ‘तपासणी नाही’ अशा शेऱ्यासह दिसते. तिच्या पाण्याचा नमुना अजून घ्यायचा आहे.