पिकनिकला गेलेले न्यायाधीश

“तुझा आवडता सिनेमा कुठला?” असं कुणी विचारलं की मी गेली सातआठ वर्षं ‘कोर्ट’ असं उत्तर देतो आणि लगेच जोडतो, “थोडा स्लो आहे, पण बघ.” परवा एका मित्राने खरंच बघितला. रात्री मेसेज आला : “बघितला. दीडपट स्पीडवर. चांगलाय.” म्हणजे ११६ मिनिटांचा सिनेमा त्याने साधारण ७७ मिनिटांत उरकला होता. मला राग आला. मग लक्षात आलं की ‘स्लो आहे, पण’ अशी माफी तर मीच आधी मागून ठेवली होती. त्याने फक्त त्यावर उपाय शोधला.

चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला मोठा सिनेमा. २०१४ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, एप्रिल २०१५ मध्ये थिएटरात आला. गोष्ट दोन ओळींत सांगता येते. मुंबईत वासुदेव पवार या सफाई कामगाराचा मृतदेह मॅनहोलमध्ये सापडतो. नारायण कांबळे या उतारवयातल्या लोकशाहिराच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा आरोप ठेवून पोलीस कांबळेंना चालू कार्यक्रमात स्टेजवरून उचलतात. पुढे खटला.

हे सगळं दीडपट वेगातही कळतं. मित्राला गोष्ट पूर्ण कळली होती, त्याबद्दल वादच नाही. त्याच्या हातून निसटलं ते वाट बघणं. कांबळेंचा नंबर लागायच्या आधी दुसऱ्यांची प्रकरणं चालतात, तारखा पडतात. स्लीव्हलेस घातलंय म्हणून न्यायाधीश एका बाईंचं प्रकरण ऐकतच नाहीत, आणि पुढचं नाव पुकारलं जातं. कॅमेरा लांब उभा, हलत नाही. मृणाल देसाईंची बरीच दृश्यं अशी आहेत की आपणही मागच्या बाकावर बसलोय आणि उठून जायची सोय नाही. ज्याच्या घरात कुणाची केस चालू असते त्याला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना निदान दोन तास तरी तसं बसवावं, एवढाच या वेगाचा हिशोब आहे. तो वाढवला की उरते ती बातमी, आणि ती आपण पेपरात आधीच वाचलेली असते.

वासुदेवच्या बायकोची, शर्मिला पवार यांची साक्ष घ्या. मराठी सिनेमातलं हे मला सर्वांत लक्षात राहिलेलं दृश्य. उषा बाने यांनी ही भूमिका केलीय. केलीय म्हणायलाही जीभ रेटत नाही. नवरा काम कसं करायचा, असं वकील विचारतो. त्या सांगतात की आत उतरण्याआधी तो गटारात दगड टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत जायला हरकत नाही. तो दारू प्यायचा, कारण तो वास शुद्धीत सहन व्हायचा नाही. एक डोळा गेलेला होता. सुरक्षेची साधनं मिळत नव्हती. या सगळ्यात रडणं नाही, मागे संगीत नाही, आवाज चढत नाही. रेशन दुकानात पत्ता सांगावा तशा त्या सांगतात. आणि आत्महत्येचा अख्खा खटला त्या एका दगडापाशी कोसळतो, पण कोर्टात कुणाच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. पुढची तारीख.

मी सेफ्टी टेस्टिंगशी थोडाफार संबंध येणारं काम करतो. सेन्सर म्हणून झुरळ, हे वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही.

‘कोर्ट’च्या साधारण वर्षभर आधी नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ आला. त्याच्या शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्यावर येतो. तोही माझा आवडता सिनेमा आहे. पण तो दगड मोबाइलवर पाठवता येतो. वीस सेकंदांची क्लिप, न पाहिलेल्यालाही काहीतरी लागतं. ‘कोर्ट’ची क्लिप निघत नाही. मी प्रयत्न केलाय. साक्षीचा तुकडा कापून ग्रुपवर टाकला, तर एकाने विचारलं, “ही डॉक्युमेंटरी आहे का?”

सिनेमा वकिलांच्या मागे घरापर्यंत जातो, हे त्याचं दुसरं बळ. बचावाचे वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर) सुपरमार्केटमध्ये महागाचं सामान घेतात, आईवडिलांशी वाद घालतात. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) लोकलमध्ये साड्या आणि तेल यांवर बोलते, घरी येऊन स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. परप्रांतीयांची टिंगल करणारं नाटक, आणि हॉल हसत असतो. तसल्या विनोदांना मीही घरच्यांच्या शेजारी बसून हसलोय. नूतन खलनायिका असती तर किती बरं झालं असतं! ती माझ्या मावशीसारखी आहे.

तक्रार एकच. कॅमेरा या लोकांच्या घरी जातो, पण कांबळेंच्या किंवा पवारबाईंच्या मागे तेवढा जात नाही. शर्मिला वकिलाच्या गाडीतून जातात, उतरतात. आपण मात्र गाडीतच राहतो. नाव ‘कोर्ट’ आहे, कोर्टाला ही माणसं पुकारा झाल्यावरच दिसतात, म्हणून आपल्यालाही तशीच दिसतात, असं समर्थन करता येईल. मला ते अर्धंच पटतं. वीरा साथीदार यांच्यासारखा स्वतः चळवळीत आयुष्य घालवलेला माणूस समोर असताना त्यांचं घर बघायचं राहून गेलं. २०२१ मध्ये कोविडने ते गेले, तेव्हा हे फार जाणवलं.

आता शेवट. पाहिला नसेल तर इथे थांबा.

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. कांबळे पुन्हा अटकेत. कोर्टरूम रिकामी होते, दिवे बंद होतात, पडदा बराच वेळ काळा. हॉस्टेलवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही लॅपटॉप मिटायला हात पुढे केला होता. इतक्यात सिनेमा परत सुरू झाला. न्यायाधीश सदावर्ते (प्रदीप जोशी) गोतावळ्यासह रिसॉर्टवर सहलीला. ज्या मुलाला नीट बोलता येत नाही त्याच्यासाठी ते अंकशास्त्र आणि बोटातला खडा सुचवतात. मग बाकावर डुलकी घेतात. मुलं दबकत येऊन ओरडतात, ते दचकून उठतात, एकाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात.

बऱ्याच वेळा पाहिल्यावर एक गोष्ट दिसली. सिनेमाची सुरुवातही मुलांनीच होते. एका लहान खोलीत कांबळे शिकवणी घेतायत. एक म्हातारा आणि मुलं, दोन टोकांना. मधले सगळे तास कोण कुणाचा निकाल लावणार यात गेलेले.

मित्राला मी ‘पुन्हा बघ’ असं म्हटलं नाही. शेवटची दहा मिनिटं तेवढी साध्या वेगाने बघ, असं कळवलं. दोन दिवस काही नाही. मग एकदा रात्री साडेबाराला मेसेज : “तो परत झोपला यार.”