पुणेकर होण्याची पात्रता

मुंबईकर, नागपूरकर आणि पुणेकर यांच्यावरचा पु. ल. देशपांड्यांचा लेख बहुतेकांनी त्यांच्याच आवाजात ऐकलेला असतो. उरलेल्यांना एखादा पुणेकर तो तोंडपाठ म्हणून दाखवतो. ज्याची टर उडवली त्यानेच ती हौसेने पाठ करावी, हे रोज घडत नाही. सरदारजींवरच्या विनोदांना आळा घाला, अशी याचिका २०१५ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. लोकांना नैतिकतेचे नियम घालून देणं आमचं काम नाही, असं न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं. निवाडा पुन्हा ऐकणाऱ्याच्या कानावर येऊन पडला. तेव्हा कानानेच बघू.

पहिली खुबी लेखाच्या घाटात आहे. हा लेख पुणेकर कसे असतात हे सांगत नाही; पुणेकर व्हायचं असेल तर काय काय अंगी बाणवावं लागेल, ते सांगतो. सूर सल्लागाराचा, जणू एखाद्या अवघड अभ्यासक्रमाची पात्रता समजावतो आहे. त्यामुळे पुणेरीपणा ही रक्तातून आलेली खोड उरत नाही, कमावण्याची विद्या होते. सरदारजीच्या किंवा जातीवरच्या विनोदात ही सोय नसते. तिथे माणूस जन्माने आत असतो आणि बाहेर पडायला दार नसतं. पु. ल. स्वतः १९१९ साली मुंबईत जन्मले, पार्ल्यात वाढले आणि पुढे पुण्यात राहिले. दोन्हीकडची पात्रता त्यांनी मिळवलेली होती.

दुसरी खुबी तपशिलाची. पालिकेच्या उंदीर मारण्याच्या खात्यात नोकरी करणारा गृहस्थ अमेरिकेची अर्थव्यवस्था कशी सुधारावी यावर ठणकावून बोलतो. एरवी अशा विनोदात माणूस मूर्ख असतो आणि आपण त्याच्यापेक्षा शहाणे म्हणून हसतो. इथे खातं नेमकं उंदरांचं असल्यामुळे त्या माणसाचा आत्मविश्वास जवळजवळ भव्य वाटायला लागतो. हसता हसता थोडा हेवाही वाटतो. दुकानदाराचंही तसंच. पुण्याच्या दुकानात सगळ्यांत दुर्लक्ष करण्याजोगी वस्तू म्हणजे गिऱ्हाईक, हा त्या चित्राचा गाभा. गल्ल्यावर दुकानदार बसलाय, सत्ता त्याची. अपमान गिळतो तो गिऱ्हाईक आणि हसतोही तोच. विनोद खालून वर जातो. मुंबईतल्या ‘भय्या’वरच्या विनोदांची दिशा नेमकी उलटी असते. तिथे हसणारा घरमालक, रिक्षात मागे बसलेला किंवा दूध घेणारा. २००८ साली मुंबईत आणि नाशकात उत्तर भारतीयांना मारहाण झाली, ती काही विनोदांमुळे नव्हे. पण ज्यांना मारलं त्यांचं हसण्यावारी नेण्याजोगं चित्र आधीपासून तयार होतं, हे कसं नाकारणार?

मुंबईकराचा भाग घड्याळावर चालतो आणि छान चालतो. त्यावर जास्त बोलायला नको. नागपूरकराशी मात्र माझा कान अडखळतो. तिथे हसू बरंचसं बोलीच्या लकबीवर, ‘करून राहिलो’वर उभं आहे. विदर्भातली मंडळीही त्यावर खळखळून हसतात, हे मान्य. तरी १९५३च्या नागपूर करारानंतर जे शहर महाराष्ट्रात आलं आणि येताना राजधानीपण गमावून बसलं, त्याच्या बोलीला मुंबई-पुण्याने हसणं आणि पुण्याने स्वतःच्या पाट्यांना हसणं, यांची चव एक नाही. पु. लं.चा हात इथेही हलका आहे. नक्कल करणाऱ्यांचा नसतो.

आणि एक गोष्ट इतक्या वेळा ऐकूनही उशिरा जाणवते. या लेखातला पुणेकर राहतो कुठे? सदाशिव, नारायण, शनिवार अशा मोजक्या पेठांत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले राहिले ती गंज पेठही पुण्यातच, पण तिथला माणूस या विनोदात कुठेच नाही. त्याची थट्टा झालेली नाही, म्हणून तक्रार तरी कशाची करणार? साचा जितका लाडका, तितकं शहर आकसत जातं: आज ‘पुणेरी’ म्हटलं की एकच पगडी, एकच उच्चार आणि दुपारी एक ते चार बंद असलेलं एकच दुकान डोळ्यांपुढे येतं.